बंद जलपरिपथांतील जलप्रक्रिया आणि गंजरोधन

बंद जलपरिपथांतील जलप्रक्रिया म्हणजे इमारती, कारखाने, रुग्णालये, विदा केंद्रे आणि जिल्हा तापन जाळी यांमधील तापन व शीतन यंत्रणांत पुन्हापुन्हा फिरणाऱ्या पाण्याची गुणवत्ता राखण्याची तंत्रविद्या होय. गंज, क्षारांचे थर, गाळ आणि सूक्ष्मजीवांची वाढ या चार उपद्रवांना आळा घालणे हा तिचा उद्देश असतो. अशा परिपथातील पाणी हे केवळ उष्णता वाहून नेणारे माध्यम असते. ते पिण्यासाठी वापरले जात नाही, त्याचे बाष्पीभवन होत नाही आणि ते वर्षानुवर्षे बदलले जात नाही. त्यामुळे सुरुवातीला भरलेल्या पाण्यातील दोष आणि नंतर आत शिरणारी हवा यांचे परिणाम यंत्रणेत साचत जातात.

परिपथ पूर्णपणे बंद आणि हवाबंद असेल, तर त्यात गंजण्याची क्रिया लवकरच आपोआप मंदावते. प्रत्यक्षात मात्र गळती, चुकीच्या दाबाची प्रसरण टाकी, प्लॅस्टिकच्या नळ्या आणि वारंवार भरले जाणारे पूरक पाणी यांवाटे प्राणवायू आत येत राहतो. म्हणून या विषयात रसायनांइतकेच महत्त्व यंत्रणेच्या आरेखनाला व देखभालीला आहे.

परिपथांचे प्रकार

पाण्यावर चालणाऱ्या शीतन व्यवस्थेत दोन भिन्न परिपथ असू शकतात. कूलिंग टॉवरमधून जाणारे पाणी हवेच्या थेट संपर्कात येते, त्याचा काही भाग वाफ होऊन उडतो आणि उरलेल्या पाण्यात क्षारांची संहती वाढत जाते. हा उघडा परिपथ होय. चिलरपासून खोल्यांमधील फॅन कॉइल किंवा हवा हाताळणी संचापर्यंत जाऊन परत येणारे थंड पाणी हे बंद परिपथाचे उदाहरण आहे. दोन्ही परिपथ एकाच इमारतीत असले, तरी त्यांच्या जलप्रक्रियेची तत्त्वे वेगळी आहेत. उघड्या परिपथात क्षारांची संहती आणि सूक्ष्मजीव हे मुख्य प्रश्न असतात, तर बंद परिपथात प्राणवायूचा शिरकाव हा मुख्य प्रश्न असतो.

बंद परिपथांचे ढोबळ प्रकार पुढीलप्रमाणे आहेत:

• थंड पाण्याचे परिपथ : पाणी साधारणतः ६ ते ७ अंश सेल्सियसला चिलरमधून निघते आणि सुमारे १२ अंशांना परत येते. भारतातील मोठ्या वातानुकूलित इमारतींत हा प्रकार सर्वाधिक आढळतो.
• गरम पाण्याचे परिपथ : बॉयलर अथवा उष्णता पंपाने तापवलेले पाणी रेडिएटरांतून किंवा जमिनीखालच्या नळ्यांतून फिरते. युरोपात अनेक घरांत ही व्यवस्था असते.
• जिल्हा तापन व जिल्हा शीतन : एका केंद्रातून संपूर्ण वसाहतीला गरम किंवा थंड पाणी पुरवले जाते. डेन्मार्कमध्ये जिल्हा तापनाचा प्रसार मोठा आहे. भारतात गुजरातमधील गिफ्ट सिटी येथे जिल्हा शीतन व्यवस्था आहे.
• यंत्रांचे शीतन : डिझेल इंजिनांचे जलवेष्टन, विद्युत्-जनित्रांची गुंडाळी, साचेकामाची यंत्रे आणि विदा केंद्रांतील संगणक.

गंजण्याची क्रिया

पाण्यातील लोखंडाचा गंज ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. धातूच्या पृष्ठभागावरील काही जागा धनाग्राचे काम करतात. तेथे लोखंड आयनांच्या रूपात पाण्यात उतरते आणि इलेक्ट्रॉन मागे सोडते. हे इलेक्ट्रॉन धातूतून ऋणाग्राचे काम करणाऱ्या जागी जातात आणि तेथे पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्यांचा स्वीकार करतो. दोन्ही क्रिया जोडीनेच चालतात. प्राणवायू संपला की उदासीन किंवा अल्कधर्मी पाण्यात ऋणाग्राकडील क्रिया खुंटते आणि गंजणेही जवळजवळ थांबते.

प्राणवायू अपुरा असताना लोखंडाचे फेरस हायड्रॉक्साइड तयार होते. त्याचे हळूहळू मॅग्नेटाइट या काळ्या, चुंबकीय ऑक्साइडमध्ये रूपांतर होते व हायड्रोजन वायू सुटतो. या रूपांतराला शिकोर अभिक्रिया म्हणतात. तापमान वाढले की ती वेगाने होते. गरम रेडिएटरच्या माथ्याशी साचणारा वायू नेहमी हवाच असतो असे नाही. बऱ्याचदा तो हायड्रोजन असतो आणि त्यामुळे तो सोडताना जवळ ज्योत धरणे धोक्याचे असते. धातूला घट्ट चिकटलेला मॅग्नेटाइटचा पातळ थर उपकारक असतो, कारण तो खालच्या धातूचे रक्षण करतो. सुटा झालेला मॅग्नेटाइट मात्र काळ्या गाळाच्या रूपाने पंप, झडपा आणि उष्णता विनिमयकांत साचतो.

धातू कोणत्या सामूला व विभवाला टिकाऊ असतो, हे दाखवणाऱ्या आकृत्या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञ मार्सेल पूर्बे यांनी विकसित केल्या. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आकृत्यांवरून पोलाद अल्कधर्मी पाण्यात तुलनेने सुरक्षित राहते, असे दिसते. ॲल्युमिनियम उभयधर्मी असल्यामुळे त्याचा संरक्षक ऑक्साइड थर आम्लातही विरघळतो आणि तीव्र अल्कधर्मी पाण्यातही. म्हणून एकाच परिपथात पोलाद व ॲल्युमिनियम एकत्र असतील, तर सामूसाठी उरणारी जागा अरुंद होते.

प्राणवायूचा हिशेब

एक ग्रॅम प्राणवायू संपूर्णपणे मॅग्नेटाइट बनवण्यात खर्च झाला, तर सुमारे २.६ ग्रॅम लोखंड गंजते आणि सुमारे ३.६ ग्रॅम मॅग्नेटाइट तयार होते. हवेच्या संपर्कात असलेल्या २५ अंश तापमानाच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. या आकड्यांवरून १०,००० लिटर क्षमतेच्या परिपथाचा हिशेब मांडता येतो.

पहिल्या भरणीच्या पाण्यातून ८० ग्रॅम प्राणवायू आत येतो आणि तो सुमारे २१० ग्रॅम लोखंड गंजवून संपतो. शेकडो मीटर लांबीच्या नळांत विभागलेली ही हानी नगण्य असते. परंतु त्याच परिपथात रोज एक टक्का, म्हणजे १०० लिटर, पूरक पाणी भरावे लागत असेल, तर वर्षभरात ३६,५०० लिटर पाण्याबरोबर २९२ ग्रॅम प्राणवायू येतो. त्यातून दरवर्षी साडेसातशे ग्रॅमहून अधिक लोखंड गंजते आणि एक किलोग्रॅमहून किंचित अधिक गाळ तयार होतो. ही क्रिया भरणीनंतर थांबत नाही, ती दरवर्षी होत राहते. शिवाय ती नळांवर सारखी विभागली जात नाही. जेथे पूरक पाणी मिसळते तेथे आणि गाळाखाली झाकलेल्या जागी ती एकवटते आणि नळाला भोके पाडते.

प्राणवायू शिरण्याच्या वाटा

पूरक पाणी ही सर्वांत उघड वाट आहे. तिच्याखेरीज पुढील वाटा महत्त्वाच्या आहेत.

प्रसरण टाकी : तापल्यावर पाणी प्रसरण पावते. १० अंशांपासून ८० अंशांपर्यंत तापवल्यास त्याचे आकारमान सुमारे २.९ टक्क्यांनी वाढते. हे वाढीव पाणी सामावण्यासाठी रबरी पडदा असलेली बंद टाकी वापरली जाते. टाकी लहान पडली किंवा तिच्यातील वायूचा दाब ओसरला, तर पाणी थंड होताना परिपथाच्या वरच्या भागातील दाब वातावरणाच्या दाबाखाली जातो. मग हवा बाहेर टाकण्यासाठी बसवलेल्या स्वयंचलित झडपाच हवा आत ओढू लागतात. गच्चीवरील उघडी प्रसरण टाकी असलेल्या जुन्या यंत्रणांत तर पाण्याचा पृष्ठभागच सतत हवेच्या संपर्कात असतो.

प्लॅस्टिकच्या नळ्या : नळीतील पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा अधिक असला, तरी प्राणवायू भिंतीतून आत झिरपू शकतो. कारण विसरण एकूण दाबावर नव्हे, तर त्या वायूच्या आंशिक दाबावर अवलंबून असते आणि परिपथातील पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. जमिनीखालील तापनात साध्या प्लॅस्टिकच्या नळ्या वापरल्यावर पोलादी भाग गाळाने भरू लागल्याचा अनुभव युरोपात आला. त्यानंतर प्राणवायूरोधी थर असलेल्या नळ्या प्रचारात आल्या. डीआयएन ४७२६ या जर्मन मानकाने अशा नळ्यांसाठी ४० अंश तापमानाला दर घनमीटर पाण्यामागे दररोज ०.१ ग्रॅम प्राणवायू ही कमाल मर्यादा रूढ केली.

इतर वाटा : लवचीक रबरी जोड, पंपांची झिजलेली सीले आणि दुरुस्तीसाठी वारंवार रिकामे केले जाणारे भाग.

क्षारांचे थर

कठीण पाणी तापवले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा कठीण थर सर्वांत गरम पृष्ठभागावर बसतो. प्रतिलिटर २०० मिलिग्रॅम तात्पुरती कठीणता असलेल्या एक घनमीटर पाण्यातून जास्तीत जास्त २०० ग्रॅम थर तयार होऊ शकतो. बंद परिपथात ही मर्यादा भरलेल्या पाण्याइतकीच राहते. म्हणून जुन्या, जाड भिंतींच्या बॉयलरांत हा प्रश्न फारसा जाणवत नसे. आधुनिक बॉयलरांतील उष्णता विनिमयक आकाराने लहान आणि अरुंद वाटांचे असतात. त्यांत थोडासा थरही स्थानिक अतितापन घडवून धातूला तडे पाडू शकतो. थंड पाण्याच्या परिपथांत थराचा धोका कमी असतो.

यावर दोन उपाय आहेत. मृदूकरणात कॅल्शियम व मॅग्नेशियम आयनांच्या जागी सोडियम आयन येतात, परंतु एकूण क्षार आणि विद्युत्संवाहकता जवळपास तशीच राहते. शिवाय मृदू केलेल्या पाण्यातील सोडियम बायकार्बोनेट तापल्यावर कार्बोनेटमध्ये बदलते व सामू वाढतो. ॲल्युमिनियमच्या भागांना हे हानिकारक ठरू शकते. निःक्षारीकरणात सर्वच क्षार काढले जातात, त्यामुळे पाण्याची विद्युत्संवाहकता घटते आणि दोन धातूंमधील गंजविद्युत् प्रवाहालाही अटकाव होतो. क्लोराइड घटल्याने स्टेनलेस स्टीलमधील खड्डेदार गंजाचा धोकाही कमी होतो.

गंजरोधके

नायट्राइट : पोलादाच्या पृष्ठभागावर संरक्षक ऑक्साइड थर घडवणारे हे धनाग्री गंजरोधक आहे. बंद परिपथांत त्याचे प्रमाण सामान्यतः प्रतिलिटर काहीशे ते हजार मिलिग्रॅम ठेवले जाते. प्रमाण अपुरे पडल्यास बहुतांश पृष्ठभाग सुरक्षित आणि थोड्या जागा उघड्या अशी स्थिती होते. सर्व हल्ला त्या उघड्या जागांवर एकवटून खोल खड्डे पडतात. म्हणजेच नायट्राइटची अर्धीमुर्धी मात्रा ही मात्रा न देण्याहूनही घातक ठरू शकते. काही जीवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, तर काही त्याचे क्षपण करून नायट्रोजन किंवा अमोनिया बनवतात. अमोनियामुळे तांबे व पितळ यांना धोका निर्माण होतो.

मोलिब्डेट : हे विषारीपणाने कमी असून जीवाणूंचे खाद्य बनत नाही, मात्र महाग आहे. ते परिणामकारक होण्यासाठी पाण्यात थोडा प्राणवायू असावा लागतो. त्यामुळे ते बऱ्याचदा नायट्राइटबरोबर मिश्रणात वापरले जाते.

ॲझोल संयुगे : बेंझोट्रायझोल व टॉलिलट्रायझोल ही संयुगे तांब्याच्या पृष्ठभागावर पातळ संरक्षक पापुद्रा तयार करतात. त्यांच्यामुळे पाण्यात तांब्याचे आयन कमी उतरतात आणि ते आयन पोलाद किंवा ॲल्युमिनियमवर बसून खड्डे पाडण्याची शक्यताही घटते.

प्राणवायू शोषके : सोडियम सल्फाइट प्राणवायूशी संयोग पावून सल्फेट बनते. एक मिलिग्रॅम प्राणवायूसाठी सुमारे ८ मिलिग्रॅम सल्फाइट लागते. मात्र हवा सतत येत असेल, तर सल्फेट साचत जाते आणि सल्फेट-क्षपणकारी जीवाणूंना खाद्य मिळते. पूर्वी वापरले जाणारे हायड्राझिन कर्करोगकारक मानले जात असल्याने त्याचा वापर घटला आहे.

क्रोमेट : विसाव्या शतकात क्रोमेट हे अत्यंत परिणामकारक गंजरोधक म्हणून वापरले जाई. सहासंयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्यामुळे ते मागे पडले. १९९० मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने वातानुकूलनाच्या कूलिंग टॉवरांमध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली. बंद परिपथांतूनही त्याचा वापर बहुतांशी संपला.

यांशिवाय सिलिकेट, फॉस्फेट व कार्बोक्सिलिक आम्लांचे क्षार यांचाही वापर होतो.

ग्लायकॉलयुक्त पाणी

गोठण्याचा धोका असलेल्या परिपथांत एथिलीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल मिसळले जाते. एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने अन्नप्रक्रिया उद्योगांत प्रोपिलीन ग्लायकॉलला पसंती दिली जाते. उष्णता व प्राणवायू यांमुळे ग्लायकॉलचे विघटन होऊन सेंद्रिय आम्ले तयार होतात व सामू घसरतो. गंजरोधक न मिसळलेले ग्लायकॉल साध्या पाण्याहून अधिक गंजकारक ठरू शकते. त्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांहून कमी असेल, तर ते जीवाणूंना रोखण्याऐवजी त्यांचे पोषण करते. जस्तलेपित नळ ग्लायकॉलयुक्त परिपथांत टाळले जातात, कारण जस्ताची गंजरोधकांशी क्रिया होऊन गाळ तयार होतो.

सूक्ष्मजीव

परिपथ बंद असला, तरी तो निर्जंतुक नसतो. भरणीच्या पाण्याबरोबर आणि बांधकामाच्या धुळीबरोबर जीवाणू आत येतात. नळाच्या आतील पृष्ठभागावर ते चिकट जैवपापुद्रा तयार करतात. या पापुद्र्याखाली व गाळाखाली प्राणवायूरहित जागा निर्माण होतात. तेथे सल्फेट-क्षपणकारी जीवाणू वाढून लोखंडाचे काळे सल्फाइड तयार करतात. पाण्याला सडक्या अंड्यांसारखा वास येणे हे त्याचे लक्षण होय. पाणी न फिरणाऱ्या बंद फांद्या आणि महिनोन्महिने न वापरलेले मजले हे या वाढीचे मुख्य अड्डे असतात. नियंत्रणासाठी ग्लुटाराल्डिहाइड व आयसोथायझोलिनोन यांसारखी जैवनाशके वापरली जातात. मात्र पापुद्रा व गाळ आधी काढल्याशिवाय त्यांचा प्रभाव खोलवर पोहोचत नाही.

कार्यान्वयनापूर्वीची स्वच्छता

अनेक परिपथांचे नुकसान ते चालू होण्यापूर्वीच सुरू होते. बांधकामाच्या काळात नळांची तोंडे उघडी राहिल्यास माती, वेल्डिंगचा मळ, सिमेंट आणि पावसाचे पाणी आत जाते. नळ दाबचाचणीसाठी पाण्याने भरून नंतर रिकामे केले, तर ओला पृष्ठभाग व मुबलक हवा यांच्या संयोगाने काही दिवसांतच गंजाचा थर चढतो. पातळ भिंतींच्या पोलादी नळांना याचा विशेष धोका असतो. म्हणून दाबचाचणीनंतर परिपथ रिकामा न करता त्यात गंजरोधकयुक्त पाणी भरून ठेवणे व ते नियमित फिरवणे श्रेयस्कर मानले जाते.

स्वच्छतेचा नेहमीचा क्रम असा असतो: वेगवान प्रवाहाने धुलाई, तेल व गंज काढणारी रासायनिक स्वच्छता, पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा धुलाई, निष्क्रियन आणि लगेच अंतिम मात्रा. धुलाईच्या वेळी चिलर, फॅन कॉइल व नियंत्रक झडपा वळणनळीने वगळल्या जातात, अन्यथा मुख्य नळांतील कचरा त्यांच्यात जाऊन अडकतो. ब्रिटनमध्ये बीएसआरआयए या संस्थेची बीजी २९ ही मार्गदर्शिका या कामासाठी आणि बीजी ५० ही मार्गदर्शिका चालू परिपथांच्या जलप्रक्रियेसाठी वापरली जाते.

दोन विचारसरणी

बंद परिपथांच्या जलप्रक्रियेत दोन परंपरा दिसतात. ब्रिटन व अमेरिकेत गंजरोधकांची ठरावीक मात्रा कायम राखण्यावर भर असतो. जर्मनी व उत्तर युरोपात प्राणवायू बाहेर ठेवणे, कमी क्षारांचे पाणी भरणे आणि रसायने शक्यतो न वापरणे याकडे कल असतो. व्हीडीआय २०३५ ही जर्मन मार्गदर्शिका दुसऱ्या परंपरेची प्रतिनिधी आहे. तिच्यानुसार तापन परिपथातील पाण्याचा सामू ८.२ ते १० या दरम्यान असावा आणि ॲल्युमिनियम मिश्रधातू असल्यास तो ९ च्या वर जाऊ नये. विद्युत्संवाहकता प्रति सेंटिमीटर १०० मायक्रोसीमेन्सच्या खाली असेल, तर ते पाणी अल्पक्षारी समजले जाते.

पहिल्या पद्धतीत मूळची गळती दुर्लक्षित राहून रसायनांचा खर्च वाढत जाण्याचा धोका असतो. दुसऱ्या पद्धतीत यंत्रणा खरोखरच हवाबंद असणे अनिवार्य ठरते. उघडी टाकी किंवा मोठी गळती असलेल्या जुन्या इमारतीत रसायनांशिवाय केवळ शुद्ध पाण्यावर विसंबणे सुरक्षित नसते. मात्र गळती शोधणे, दाब राखणे आणि पूरक पाणी मोजणे याला पर्याय नाही, याबाबत दोन्ही परंपरांत एकवाक्यता आहे.

देखरेख

पूरक पाण्याच्या नळावरील साधा जलमापक हे देखरेखीचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त साधन मानले जाते. त्यातील अचानक वाढ गळती दाखवते आणि गंजरोधक किती पातळ झाले असेल याचा अंदाजही देते. पाण्याचा नमुना घेताना तोटीत साचलेले पाणी आधी वाहू द्यावे लागते, अन्यथा चाचणी परिपथाची न होता तोटीतील गंजाची होते.

नियमित चाचण्यांत सामू, विद्युत्संवाहकता, एकूण व विरघळलेले लोखंड, तांबे, गंजरोधकाचे प्रमाण आणि जीवाणूंची संख्या यांचा समावेश असतो. एखाद्या सुट्या आकड्यापेक्षा आकड्यांचा कल अधिक अर्थपूर्ण असतो. उदाहरणार्थ, नायट्राइट घटत असताना विद्युत्संवाहकता कायम असेल, तर जीवाणूंची शंका येते. दोन्ही एकत्र घटत असतील, तर पाणी गळून नवे भरले जात असल्याचे दिसते. गंजण्याचा प्रत्यक्ष वेग मोजण्यासाठी वजन केलेल्या धातूच्या पट्ट्या ठरावीक काळ प्रवाहात ठेवून पुन्हा तोलल्या जातात.

दिसणारी लक्षणे व त्यांचे सामान्य अर्थ पुढीलप्रमाणे आहेत:

• काळे पाणी : सुटा मॅग्नेटाइट किंवा लोखंडाचे सल्फाइड.
• तांबूस-तपकिरी पाणी : प्राणवायूचा चालू शिरकाव.
• रेडिएटर खालून थंड : तळाशी गाळ.
• रेडिएटर वरून थंड : माथ्याशी हवा किंवा हायड्रोजन.
• पंपांची सीले वारंवार निकामी होणे : पाण्यातील कठीण कण.

गाळ काढण्यासाठी प्रवाहाचा काही भाग वळवून गाळणारी उपप्रवाह गाळणी, चुंबकीय गाळणी व निर्वात वायुविलगक वापरले जातात. रसायने भरण्यासाठी पंपाच्या दोन्ही बाजूंना जोडलेले छोटे पात्र असते, त्यास डोसिंग पॉट म्हणतात.

सुरक्षितता व पर्यावरण

परिपथातील पाणी पिण्याच्या पाण्यात उलटे जाऊ नये म्हणून पूरक पाण्याची जोडणी उलटप्रवाहरोधक साधनातून किंवा हवेचे अंतर ठेवलेल्या टाकीतून केली जाते. नायट्राइट पोटात गेल्यास रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, त्यामुळे ही दक्षता महत्त्वाची आहे. परिपथ रिकामा करताना नायट्राइट, ग्लायकॉल किंवा जैवनाशके असलेले पाणी थेट पर्जन्यनाल्यात सोडणे जलस्रोतांना हानिकारक असते.

गाळ व क्षारांचा परिणाम ऊर्जेच्या वापरावरही होतो. उष्णता विनिमयकावरील थर उष्णतेचे वहन रोखतो, त्यामुळे तेवढेच काम करण्यासाठी चिलर, बॉयलर व पंपांना अधिक ऊर्जा लागते. संगणकांच्या थेट द्रवशीतनात पाण्याच्या वाटा मिलिमीटरहूनही अरुंद असतात. तेथे मोठ्या इमारतीच्या नळांत खपून जाणारे सूक्ष्म कणही प्रवाह अडवू शकतात. त्यामुळे असा परिपथ इमारतीच्या थंड पाण्यापासून उष्णता विनिमयकाने वेगळा ठेवला जातो आणि त्याच्यासाठी स्वतंत्र, बारीक गाळणी बसवली जाते.

हेही पाहा

• गंज
• कठीण पाणी
• वातानुकूलन
• कूलिंग टॉवर
• जिल्हा तापन